जॅझ आणि जुनं युरोपियन संगीत एकाच प्रबंधात बसतं का? सर म्हणतात नाही

सेलूची_पेटी

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहायलेय, कंटाळा करू नका. मी एमए संगीतच्या शेवटच्या वर्षाला आहे, मूळची सेलूची, शिकायला संभाजीनगरला. या सत्रात पन्नासेक पानांचा प्रबंध द्यायचाय आणि मी विषय काढला तो असा की जॅझमधलं इम्प्रोव्हायझेशन आणि युरोपातलं जुनं संगीत, जुनं म्हणजे बाखच्याही आधीचं, या दोन्हींवर अभ्यासक लोकांनी काय काम केलंय ते बघायचं. आमच्या सरांनी विषय ऐकला, चष्मा काढून पुसला, परत घातला आणि म्हणाले, अगं एक म्हणजे उत्स्फूर्त, मनाला येईल ते वाजवणं, आणि दुसरं म्हणजे कागदावर लिहिलंय ते जसंच्या तसं म्हणणं, आवळ्याभोपळ्याची मोट कशाला बांधतेस, त्यापेक्षा नाट्यसंगीत घे, मटेरियल बक्कळ आहे.

आता खरं सांगू का, मला तिथं उत्तरच देता आलं नाही. डोक्यात जे होतं ते असं. माझे मामा लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात, तीस वर्षं झाली. दिवसाला चार वराती असल्या तर एकच गाणं चार वेळा वाजतं आणि चारही वेळा मामांच्या जागा वेगळ्या, पण नाचणाऱ्या पोरांचा पाय चुकत नाही. दिवाळीत त्यांना मोबाईलवर चार्ली पार्कर, जॅझमधला सॅक्सोफोनवाला, ऐकवला तर शेवटपर्यंत ऐकून म्हणाले, हा माणूस वरातीत चालला नसता, पण यानं खाली काहीतरी धरून ठेवलंय हां. मग यूट्यूबनं आपोआप पुढचा व्हिडिओ लावला, पाचशे वर्षांपूर्वीसारखी वाद्यं घेऊन चौघं बसलेत, एक जण खालचे ठरावीक सूर परत परत वाजवायलाय आणि बाकीचे वर खेळायलेत, तर मामा म्हणाले हे पण तेच की. एवढ्या 'तेच की'वर मी विषय घेतलाय, हसू नका.

तर मला विचारायचंय की त्या काळात खरंच वाजवता वाजवता रचायचे का, का हे आत्ताच्या लोकांनी हौसेनं लावलेलं आहे? आणि रेकॉर्डिंग नसताना हे कळतं कसं? आणि या दोन्हीकडं एकाच माणसानं काम केलंय असं कुणी आहे का, असलं तर तेवढं एक नाव तरी सरांच्या पुढ्यात ठेवता येईल.


जालन्याचा_टेनर

ताई, सर चुकलेत, पण निम्मं जग असंच चुकतं त्यामुळं त्यांना फार बोल लावू नका.

मी जालन्यात चर्चच्या क्वायरमध्ये गातो. लहानपणी बघायचो, म्हाताऱ्या मंडळींच्या हातात उपासना संगीताचं पुस्तक, त्यात नुसते शब्द, आणि तरी तीन जण तीन वेगळ्या सुरांत म्हणायचे आणि ते लागायचं. हे कुणी शिकवलं असं एकदा काकांना विचारलं तर म्हणाले शिकवायचं काय त्यात, मुख्य चाल कानात ठेवायची आणि तिला धक्का न लावता शेजारून चालायचं.

पंधराव्या शतकात युरोपात हे काम पगारी गवयांना यावंच लागायचं. त्याला नावच होतं, पुस्तकावर गाणं. चर्चच्या मोठ्या पुस्तकात जुनी एकेरी चाल लिहिलेली, सगळे त्या एका पुस्तकासमोर उभे, एक जण ती चाल लांब लांब सुरांत धरतो, ती ओळ म्हणजे टेनर, टेनर म्हणजे धरून ठेवणारा (माझं इथलं नाव त्यावरून नाही, माझा आवाज तसा आहे), आणि बाकीचे तिथल्या तिथं आपापली ओळ रचून गातात. टिंक्टोरिस म्हणून एक मोठा संगीतज्ञ नेपल्सच्या राजाकडं नोकरीला होता, त्यानं १४७७ साली काउंटरपॉइंटवर, म्हणजे एका ओळीला जुळती दुसरी ओळ रचण्यावर, ग्रंथ लिहिला त्यात हा हिशेब मांडलाय. लिहून केलेल्या रचनेत प्रत्येक आवाज बाकी सगळ्या आवाजांना बांधील. पुस्तकावर गाताना प्रत्येक जण फक्त टेनरला बांधील, शेजाऱ्याशी नाही जुळलं तरी तो दोष नाही. पण पुढं तोच म्हणतो की गाणाऱ्यांनी आपसात बघून एकमेकांसारखंच गाणं टाळलं तर ते कौतुकाचं. म्हणजे आधी ठरवलं की त्यातलं सुचणं संपलं, हा विचार त्याच्या डोक्यातच नाही. सरांचा 'उत्स्फूर्त' हा शब्दच सगळा घोळ करतो, तो प्रबंधातून काढूनच टाका असं मी म्हणेन.

वाद्यांचं बघायचं तर डिएगो ऑर्टिझ घ्या. स्पॅनिश माणूस, पुस्तक १५५३ मध्ये रोमला छापलं गेलं, व्हायोल, म्हणजे गजानं वाजवायचं जुनं तंतुवाद्य, ते वाजवणाऱ्यांसाठी. त्यात ला स्पान्या नावाची एक जुनी धरलेली ओळ घेऊन तिच्यावर त्यानं सहा वेगवेगळे नमुने वाजवून दाखवलेत, म्हणजे लिहून दाखवलेत. मामांच्या चार वराती, याच्या सहा.

आता तिसरा प्रश्न, त्याचं उत्तर आहे आणि ते नाव सरांच्या पुढ्यात ठेवाच. लॉरेन्स गुशी. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात शिकवायचे, २०१५ मध्ये वारले. या माणसाचं एक मोठं काम म्हणजे ऑरेलियन या नवव्या शतकातल्या मठवासी साधूचा संगीतावरचा लॅटिन ग्रंथ संपादित करणं. पोथ्या, पाठभेद, सगळं. आणि तोच माणूस लेस्टर यंगच्या सॅक्सोफोनवर लिहितो. यंगनं १९३६ मध्ये 'शू शाइन बॉय' वाजवलं त्याचे एकाच बैठकीतले दोन टेक, म्हणजे दोनदा केलेली रेकॉर्डिंगं, शिल्लक आहेत, गुशींनी ते दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघितलं की काय तेच राहिलं, काय बदललं, बदललं ते कुठल्या जागेवर. आता तुम्हीच सांगा, पैठणला नाथांनी ज्ञानेश्वरीच्या पोथ्या समोर ठेवून पाठ शुद्ध केला आणि हा माणूस दोन टेक समोर ठेवतो, बैठक एकच की. फरक एवढाच की नाथांना खरा पाठ शोधायचा होता आणि इथं दोन्ही पाठ खरे. पुढं २००५ मध्ये त्यांचं न्यू ऑर्लिन्सच्या क्रिओल बँडवर जाडजूड पुस्तक आलं, त्यात तर असा बँड आहे ज्याचं एकही रेकॉर्डिंग नाही. म्हणजे जॅझमध्येसुद्धा त्यांनी परत पोथीवाल्याचंच काम केलं, जाहिराती आणि वर्तमानपत्रांच्या कात्रणांवरून.


उदगीरचा_ठेका

टेनरभाऊ लई भारी लिहिलंत पण मला काही पटंना. मी तबलेवाला माणूस, भांडायला नाही आलो, पण खाली धरलंय अन् वर खेळायलेत एवढ्यावर दोन गोष्टी सारख्या म्हणायच्या असत्याल तं मग गोंधळात संबळ धरतोय अन् गोंधळी वर आख्यान लावतोय ते पण जॅझच, कीर्तनात टाळकरी मागं ध्रुपद धरतेत अन् बुवा पुढं चढवायलेत ते पण जॅझच. अशानं सगळं सगळ्यासारखं दिसायला लागतंय.

जॅझमध्ये चक्र आहे. बत्तीस बारचं, बार म्हणजे मात्रांचा एक गट, फिरून परत समेवर, बारा बारचं असलं तं बारावर. तुमची ती धरलेली ओळ सुरू झाली अन् संपली, आवर्तन कुठंय त्यात? सम नाही तिथं उपज मोजायची कशावरून?

अन् दुसरं म्हणजे पार्करचं रेकॉर्ड आपल्याला ऐकू येतंय. ऑर्टिझनं पुस्तकात लिहिलं म्हणजे ते लिहिलेलंच झालं की ओ. आमच्या गुरुजींच्या वहीत लिहिलेला कायदा बघून त्यांनी मैफलीत काय वाजवलं ते सांगता येईल का कुणाला? वहीत सोळा पलटे असत्याल, मैफलीत दोनच वाजवले असत्याल अन् तेही वहीत नसलेले.


जालन्याचा_टेनर

ठेकेदार, आवर्तनाचा मुद्दा अर्धा मान्य. ला स्पान्याला आवर्तन नाही, बरोबर. पण त्याच ऑर्टिझच्या पुस्तकात पुढं दुसऱ्या ओळी आहेत, इटालियन लोकांच्या फिरत्या चाली, रोमानेस्का, पासामेझो, फोलिया, यात खालचे सूर ठरलेले आणि ते गोल फिरतात. तिथं तुमची सम आहे. म्हणजे ताई, तुलना करायचीच तर ला स्पान्याची पार्करशी करू नका, फिरत्या चालींची करा, आणि हे वेगळं का केलं ते तबलेवाल्याच्या शब्दांत लिहा.

आता तुमच्यासाठी खास. सिल्वेस्त्रो गानासी, व्हेनिसच्या दरबारात नोकरीला, उभी बासरी असते ना, रेकॉर्डर म्हणतात, ती वाजवणारा. १५३५ साली त्याचं पुस्तक आलं फोंतेगारा नावाचं. सुरुवातीलाच म्हणतो की वाद्यवाल्यानं माणसाच्या गळ्याची नक्कल करावी, म्हणजे आपलं गायकी अंग. नंतर पानंच्या पानं तक्ते. दोन सुरांमधली मोकळी जागा घ्यायची आणि ती बारीक सुरांनी भरायची किती प्रकारे ते. आणि या तक्त्यांचे चार नियम आहेत, मूळ चार धरून. पहिल्यात चारला चार, दुसऱ्यात चाराच्या जागेत पाच, तिसऱ्यात सहा, चौथ्यात सात. जरा मोजा बरं.


उदगीरचा_ठेका

बराबर, सव्वा, दीड, पावणेदोन.

आमच्या लयकारीतली कुआड, आड, बिआड?? १५३५ साली?? बासरीवर?? अहो हे आधी सांगायचं सोडून तुम्ही ते टेनर टेनर काय लावलंय.

वहीचा मुद्दा मात्र माझा अजून उभा आहे.


जालन्याचा_टेनर

उभा राहू द्या, तो उभाच राहायला पाहिजे. अभ्यासकही हेच म्हणतात की ही पुस्तकं म्हणजे मैफल नाही, रियाजाचं सामान आहे. व्याकरणाच्या पुस्तकावरून लोक बाजारात काय बोलत होते ते नाही कळत, पण काय बोलता येत होतं ते कळतं. आणि काही जण तर सरळ करूनच बघतात, कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात पीटर शुबर्ट विद्यार्थ्यांना उभं करून जुन्या नियमांनी तिथल्या तिथं कॅनन गायला लावायचे, एक गातो आणि दुसरा त्याचंच थोड्या वेळानं उचलतो, कागद नाही. जमतं म्हणजे तेव्हा जमत असणार, एवढाच पुरावा. कच्चा आहे, पण आहे.

आणि रेकॉर्डिंगवर फार भिस्त ठेवू नका. त्या काळची दहा इंची तबकडी, एका बाजूला तीनेक मिनिटं. आपल्या गवयांनी तीन मिनिटांत ख्याल बसवला तसंच त्यांनी सोलो, म्हणजे एकट्यानं वाजवायच्या जागा, बसवले, क्लबात अर्धा तास काय वाजवत होते ते गेलं. त्यातून ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतल्या वादकांच्या युनियननं रेकॉर्डिंगच बंद पाडलं, आणि नेमकं त्याच दिवसांत पार्कर आणि मंडळी नवीन काहीतरी घडवत होती. त्या नव्या जॅझचं, बीबॉपचं, बाळंतपण बहुतेक अंधारातच झालं. जेव्हा रेकॉर्ड निघायला लागले तेव्हा लेकरू चालायला लागलेलं. १९४५ चं 'को-को' ऐका, खाली 'चेरोकी' नावाच्या गाण्याची स्वरसंगती, मूळ चाल काढून टाकलेली, चौसष्ट बारचं आवर्तन आणि पळता भुई थोडी अशी लय. आणि दुसऱ्या आवर्तनाच्या तोंडाशी पार्कर अचानक न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या मिरवणुकीतल्या 'हाय सोसायटी'चा क्लॅरिनेटचा तुकडा टाकून देतो. हे मामांना ऐकवाच.


जात्यावरची_नात

मला संगीतातलं फार कळत नाही, बीडकडं शाळेत मराठी शिकवते, पण तुमचा धागा वाचून गप्प बसवेना.

माझी आजी जात्यावर ओव्या म्हणायची. तिला अक्षर येत नव्हतं. किती ओव्या येतात आजी असं विचारलं की म्हणायची मोजायच्या असतात का, दळण असेल तेवढ्या. आता हे वाक्य मी कॉलेजात असताना हसण्यावारी नेलं आणि नंतर मिलमन पॅरी आणि अल्बर्ट लॉर्ड या दोन अभ्यासकांबद्दल वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. पॅरीला ग्रीक कवी होमरची महाकाव्यं कशी तयार झाली हे शोधायचं होतं, म्हणून तो १९३३ ते ३५ मध्ये युगोस्लाव्हियात गेला, गुस्ले नावाचं एकतारी वाद्य घेऊन हजारो ओळी गाणारे लोक होते त्यांना रेकॉर्ड केलं. ते पाठ करून नव्हते म्हणत. तयार तुकडे असायचे, सुरुवातीचे, घोड्याचे, लढाईचे, दिवस उगवल्याचे, आणि ते वृत्तात बरोबर बसणारे, त्यामुळं तोंडानं गाताना डोक्याला पुढचं बघायला सवड मिळायची. पॅरी लवकर गेला, लॉर्डनं हे पुस्तक म्हणून १९६० ला छापलं. आजीचं 'पहिली माझी ओवी' किंवा 'सांगते बाई तुला' हे असलेच तुकडे, जातं फिरायलंय, हात चालायलाय, तेवढ्यात पुढची ओळ तयार. आपल्याकडं हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रभरच्या अशा ओव्या जमवल्या, लाखाच्या वर आहेत, त्यात आमच्या बीड जिल्ह्यातल्याही बायका आहेत.

आता तुमच्या विषयाशी जोड अशी, की हीच होमरची किल्ली दोन्ही कुलपांना लावून बघितली गेली. लिओ ट्रायटलर यांनी १९७४ मध्ये ती ग्रेगोरियन चँटला, म्हणजे जुन्या लॅटिन चर्चगायनाला लावली. सुरांच्या खुणा लिहिलेल्या पोथ्या नवव्या शतकापासून मिळतात, गाणं त्याआधीपासून, मग मधे ते कसं टिकलं? ट्रायटलरांचं म्हणणं की गायकाकडं सगळी चाल डबीत बंद नव्हती, त्याला वाट ठाऊक होती, कुठून उचलायचं, कुठल्या सुरावर रेंगाळायचं, कसं मिटवायचं, आणि दर वेळी तो ती चाल परत उभी करायचा. त्याच १९७४ मध्ये थॉमस ओवेन्स यांचा पार्करवरचा पीएचडी प्रबंध, अडीचशेच्या आसपास सोलो लिहून काढले आणि दाखवलं की साधारण शंभरेक तुकडे फिरून फिरून येतात. आणि ट्रायटलरांचा लेख ज्या त्रैमासिकात आला त्याच त्रैमासिकात त्याच वर्षी ब्रूनो नेटल यांचा लेख, की रचणं आणि तत्क्षणी वाजवणं या दोन वेगळ्या जाती नाहीतच, एक सावकाश रचणं आणि एक घाईत रचणं. पुढं १९८३ ला हार्वर्डमध्ये ग्रेगरी स्मिथ नावाच्या विद्यार्थ्यानं प्रबंधाचं नावच ठेवलं 'होमर, ग्रेगरी अँड बिल इव्हान्स?' प्रश्नचिन्हासकट. बिल इव्हान्स हा जॅझ पियानोवाला. ताई, तुझ्या सरांना हे नाव दाखव, मोट आधीच बांधून झालीय म्हणावं.

पण एक सांगते, या तुकड्यांच्या सिद्धांताला मी पूर्ण भुललेली नाही. १९८७ मध्ये केनेथ लेव्ही आणि डेव्हिड ह्यूज दोघांनी ट्रायटलरांना विरोध केला, की लांब लांबच्या देशांतल्या पोथ्या एकमेकींशी इतक्या जुळतात की चाली पक्क्या ठरलेल्या असल्याशिवाय हे होणार नाही. आणि मला हेही पटतं, कारण माझी हीच आजी, ओवी रोज नवी, पण देवीच्या आरतीत एक अक्षर हललं की टाळी थांबवायची. एकाच तोंडात दोन्ही. तेव्हा मधल्या काळातले गायक एकतर सगळं पाठ करणारे किंवा सगळं नव्यानं उभं करणारे, असं मला तरी वाटत नाही, देवाचं कुठलं आणि दळणाचं कुठलं हे त्यांचं त्यांना ठाऊक असणार.


उदगीरचा_ठेका

ताई तुमच्या आजीला नमस्कार. पण पार्करचे शंभर तुकडे मोजून काय हातात आलं? आमच्या तबल्यात तं दहा-बारा बोलच आहेत. धिर धिर, तिरकिट, मोजा किती मोजायचे ते. दोन तबलजी तेच बोल वाजवतेत अन् एकाला दाद येते, एकाच्या वेळेला लोकं चहाला उठतेत.


जात्यावरची_नात

बरोबर बोललात, आणि हे त्यांच्यातही बोलून झालंय. मोजणाऱ्यांच्या आधीच, १९५८ मध्ये, गुंथर शूलर यांनी सॅक्सोफोनवाले सॉनी रोलिन्स यांच्या 'ब्लू सेव्हन' नावाच्या वादनावर लेख लिहिला होता, की बघा हा तुकडे जोडत नाही, सुरुवातीचं एक बी घेऊन त्यातूनच सगळा सोलो वाढवतो. मला हा लेख थोडा मास्तरकीचा वाटतो, म्हणजे जॅझला बीथोवेनच्या मापानं पास करायचं असं. रोलिन्सनाही ते वाचून बरं वाटण्यापेक्षा अवघडल्यासारखंच झालं म्हणतात. मग पॉल बर्लिनर यांनी १९९४ ला जे केलं ते साधं होतं, वाजवणाऱ्यांनाच जाऊन विचारलं, वर्षानुवर्षं, नऊशे पानांच्या आसपास पुस्तक झालं. त्यात शिकणं कसं होतं तेच जास्त आहे, रेकॉर्डची सुई उचलून उचलून एकच जागा ऐकणं, चुकणं, दुसऱ्याची जागा आपली करणं. आणि दोन वर्षांनी इंग्रिड मन्सन यांनी सोलो सोडून मागच्या लोकांकडं बघितलं, ड्रम, बास, पियानो, ते कसे बोलतात एकमेकांशी. तुम्हाला ते आवडेल, साथीदाराची बाजू आहे.


उदगीरचा_ठेका

शेवटी कुणीतरी साथीदाराकडं बघितलं.


देवगिरी_एक्सप्रेस

नाव रेल्वेचं घेतलंय पण राहतो दौलताबादच्या पायथ्याशीच, म्हणून एवढं सांगायला आलो की बाई तुम्ही संभाजीनगरात बसून पॅरिस अन् न्यूयॉर्क शोधायलात आणि किल्ला पंधरा किलोमीटरवर आहे. संगीतरत्नाकर इथं लिहिला गेला, तेराव्या शतकात, यादवांचा राजा सिंघण याच्या काळात. शार्ङ्गदेव, मूळ घराणं काश्मीरचं, इथं सरकारी हिशेबखात्याचा मुख्य. दिवसा जमाखर्च अन् रात्री श्रुती मोजायचा बहुतेक.

त्यातला तिसरा अध्याय काढा, प्रकीर्णकाध्याय. त्यात आलप्ती आहे, दोन प्रकारची. रागालप्ती म्हणजे बंदिशीशिवाय नुसता राग मोकळा करणं. रूपकालप्ती म्हणजे बंदिश हातात धरून तिच्या आत राहून विस्तार, आणि त्यातही भंजनी नावाचा प्रकार, बंदिशीचा एखादा भागच घेऊन त्याचे शब्द अन् माप तेच ठेवून सूर वेगवेगळे फिरवायचे. आणि तुम्ही वर ज्याला तुकडे तुकडे म्हणायलात त्याला शब्द आहे, स्थाय. रागाचा अवयव म्हणजे स्थाय अशी सरळ व्याख्या दिलीय आणि पुढं स्थायांचे प्रकारच्या प्रकार. पार्करचे तुकडे मोजायच्या सातशे वर्षं आधी आमच्या हिशेबनीसानं ही मोजदाद केलीय, आणि तो तुकडा म्हणत नाही, अवयव म्हणतो, म्हणजे तो सुटा नसतो, कशाचा तरी असतो. ठेकेवाल्यांच्या शंकेचं उत्तर मला इथं दिसतं.

आणि वेळ बघा. हा इथं लिहायलाय त्याच्या थोडं आधी अन् त्याच सुमाराला पॅरिसला नोत्र दाम चर्चमध्ये पेरोतँ नावाचा संगीतकार आणि मंडळी चर्चच्या चालीतला एकेक सूर लांबवून त्यावर एक, दोन, तीन आवाज चढवायलेत. तेही कागदावरच झालं असं समजायचं कारण नाही, आना मारिया बुसे बर्गर यांचं २००५ चं पुस्तक आहे, मध्ययुगीन संगीत आणि स्मरणकला यावर, त्यांचं म्हणणं की एवढं गुंतागुंतीचं बहुस्वरी गाणंसुद्धा डोक्यात रचता यायचं, कारण त्या लोकांची डोकीच पाठांतराच्या कोष्टकांवर तयार झालेली. आपल्या पाढ्यांसारखं.

आता म्हणून शार्ङ्गदेवाला जॅझ येत होता असं कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका, हात जोडतो.


सेलूची_पेटी

बाप रे, मी चार दिवस परीक्षेच्या गडबडीत होते तर इथं माझा निम्मा प्रबंध झाला. सगळ्यांना थँक्यू. सरांना गुशींचं आणि त्या प्रश्नचिन्हवाल्या प्रबंधाचं सांगितलं. सर म्हणाले हंऽ. मग शार्ङ्गदेव सांगितला तर म्हणाले तो घाल मग बघू. एवढं पण खूप आहे माझ्यासाठी. 'उत्स्फूर्त' शब्द काढलाय, त्या जागी 'उपज' घ्यायलेय, ठेकेवाल्या दादांनी सहज वापरला तो. उपज म्हटलं की आधी रान लागतं, पेरणी लागते, हे सेलूतल्या माणसाला वेगळं समजवावं लागत नाही.

एक अडलंय. मला गुशींसारखं दोन टेक शेजारी ठेवून काहीतरी स्वतः करायचंय, नुसतं दुसऱ्यांचं वाचून नाही. मामांना काय वाजवायला लावू? रोमानेस्का वगैरे मला बसवता येईना, स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी, मला अजून अडखळत येतं.


जालन्याचा_टेनर

फोलिया घ्या, त्यातलं नंतर पक्कं झालेलं रूप. सरगममध्ये देतो, खालचे सूर फक्त, प्रत्येक सूर तीन मात्रा. नि आणि ग दोन्ही कोमल.

सा प सा नि ग नि सा प, मग परत सा प सा नि ग नि, आणि शेवटच्या दोन घरांपैकी पहिल्यात सा अन् प दोन्ही, दुसऱ्यात सा. सोळा घरं, अठ्ठेचाळीस मात्रा. कीबोर्डवर डाव्या हातानं तुम्ही धरा. पंचमावर असताना मामांनी शुद्ध नी घेतला तर अडवू नका, तिथं तोच लागतो.


उदगीरचा_ठेका

म्हणजे दादऱ्याची आठ आवर्तनं. असं सांगा की सरळ.


सेलूची_पेटी

रविवारी सेलूला जाऊन आले. मामांना सांगितलं काही नाही, नुसतं खालचं वाजवत बसले, ते चहा पीत ऐकत होते, तीन-चार वेळा फिरल्यावर म्हणाले सम कुठाय, मी म्हटलं पहिला सा, मग क्लॅरिनेट काढलं. पट्टी जुळवण्यातच अर्धा तास गेला ते वेगळंच, मामांची काळी दोन आणि माझं भलतंच चाललेलं, शेवटी कीबोर्डचं बटण दाबून मीच खाली उतरले.

पहिल्या टेकमध्ये चौथ्या फेरीला मामा हरवले, कोमल गवर येतो तिथं. आणि हरवल्यावर काय केलं माहितीय, वरातीत नवरदेव घोड्यावरून उतरताना वाजवतात ती बँडची ठरलेली ओळ टाकली, तिच्यावर पाय टेकून सरळ समेवर. मला एकदम पार्करचं 'हाय सोसायटी' आठवलं, पण पार्कर हरवला नव्हता आणि मामा हरवले होते, हा फरक लिहायला पाहिजे ना? का नाही? कारण दुसऱ्या टेकमध्ये मामांनी तीच ओळ त्याच जागी परत घेतली आणि या वेळेस हरवले अजिबात नव्हते. विचारलं तर म्हणाले, चांगली बसली होती की.

दोन्ही टेक मोबाईलवर आहेत. आता लिहून काढायलेय, पण मामा मधे मधे सव्वापटीत का कशात जातात ते मला मोजता येईना.


उदगीरचा_ठेका

दोन्ही पाठवून दे. मात्रा मी लावतो.


सेलूची_पेटी

पाठवते दादा. दुसऱ्या टेकमध्ये तिसऱ्या आवर्तनाला मामीच्या कुकरची शिट्टी आहे, ती धरू नका.